कांदळवन: होडीत बसल्यावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की आमच्या खाडीवर पाहुणे यायला लागतात, ते मृग लागेपर्यंत येत राहतात. देवगड तालुक्यातल्या या खाडीत गावातल्या आम्ही सहाजणी मिळून होडी चालवतो. वल्ही दोघींकडे, बोलायचं काम माझ्याकडे. माणसं बदलतात, प्रश्न मात्र तेच असतात. म्हणून एकदाचे लिहून काढले आहेत. वाचायचा कंटाळा असेल त्यांनी सरळ सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या वेळेला यावं, चिखलात उतरवते.

ही सगळी एकाच जातीची झाडं ना?

नाही. लांबून एकच हिरवी भिंत दिसते, कारण बहुतेकांची पानं जाड, चकचकीत आणि बुंध्याशी सारखाच चिखल. त्यात नावांचा घोळ. मुंबईच्या बाजूला सरसकट ‘खारफुटी’ नाहीतर ‘तिवरं’ म्हणतात, सरकारी कागदात ‘कांदळवन’ असतं, आणि आमच्याकडे कांदळ म्हणजे एकच ठरावीक झाड. आधारमुळांच्या तंगड्या टाकून पाण्यात उभं असतं ते. कांदळवनात कांदळ मूठभर आणि तिवर ढीगभर, अशी गत बऱ्याच खाड्यांत आहे.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर खऱ्या अर्थाने कांदळवनातल्या म्हणाव्यात अशा सुमारे २० प्रजाती आहेत. आणि त्या एका कुळातल्याही नाहीत. आपल्याकडे आंबा आणि काजू एका कुळातले, तसं इथे नाही. कांदळ, किरकिरी आणि झुंबर ही एक भावकी. तिवर आणि मारांडी ही अडुळसा-कोरांटीच्या कुळातली. चिपी तामणीच्या, मेंदीच्या आणि डाळिंबाच्या कुळातली. हुरा एरंडाच्या. वेगवेगळ्या गावची माणसं एका बंदरावर कामाला लागावीत, तशी ही झाडं भरती-ओहोटीच्या पट्ट्यात येऊन राहिली आणि प्रत्येकाने तिथे टिकायची आपापली युक्ती काढली.

मग ओळखायची कशी?

फुलांची वाट बघत बसू नका. आधी मुळं बघा, मग पान उलटं करून बघा, मग काही लोंबतंय का ते बघा. एवढ्यावर काम होतं.

कमानीसारखी मुळं खोडातून फुटून चिखलात रोवलेली असतील, तर तो कांदळ. वनस्पतीशास्त्रातलं नाव रायझोफोरा. पानाच्या टोकाला बारीक काटेरी टोक असतं आणि पान उलटं केलं की खालच्या बाजूला तिखट भुरभुरल्यासारखे काळपट ठिपके दिसतात.

झाडाखाली हजारो पेन्सिली उलट्या खोचल्यासारख्या दिसत असतील, तर तिवर. पान वरून हिरवं, खालून राखाडी-पांढरट. वारा सुटला की अख्खं झाड रुपेरी होतं. तिवराच्या दोन जाती आपल्याकडे नेहमी भेटतात. एकीचं पान टोकाला निमुळतं, ती अ‍ॅव्हिसेनिया मरीना. दुसरीचं गोलसर, ती अ‍ॅव्हिसेनिया ऑफिसिनॅलिस. दुसरी आमच्या खाडीत आतल्या बाजूला मोठाली वाढते.

पेन्सिलीऐवजी मनगटाएवढे जाड, वर निमुळते होत गेलेले खुंट असतील, तर चिपी. पान गोल, मांसल. फळ हिरवं, चपटं, चांदणीसारख्या बैठकीवर बसवल्यासारखं.

किरकिरी आणि झुंबर यांत मीसुद्धा पहिली दोन वर्षं चुकत होते. किरकिरीची शेंग बारीक आणि तिच्यावर उभ्या धारा असतात, बोट फिरवलं की कळतात. पान पिवळसर, टोकाला किंचित खोबण पडलेलं. झुंबराची शेंग गुळगुळीत आणि वर टोपीचे पाकळीसारखे भाग मागे वळलेले.

काजळा झुडपासारखा. त्याला वाकड्या शिंगांसारख्या फळांचे घोस लागतात. फुलं पांढरी आणि सुवासिक, फुलला की मधमाश्या झुडूप सोडत नाहीत. मारांडी तर ओळखायला नकोच, अंगाला लागली की तीच ओळख देते: काटेरी कडांची पानं आणि त्यावर इतकं देखणं जांभळट निळं फूल की काटे विसरावेत.

यांच्या मागे, जिथे उधाणाचंच पाणी पोचतं तिथे, जोडीदार झाडं सुरू होतात: भेंड, करंज, उंडी, केवडा. ही खाऱ्या वाऱ्याला आणि अधूनमधून येणाऱ्या खाऱ्या पाण्याला दाद देत नाहीत, पण रोज दोन वेळा बुडायला तयार नसतात.

सुकतीला चिखलातून वर आलेले ते खुंट कशाचे? कोणी झाडं तोडलीत का?

हा प्रश्न दर रविवारी येतो, आणि कळकळीने येतो. कोणी तोडलेलं नाही. ती मुळं आहेत, श्वास घ्यायला वर आलेली.

खाडीचा चिखल इतका गच्च असतो की वरचं एखादं बोट सोडलं तर आत हवाच नसते. कोयत्याने थोडा उकरला की आतला थर काळा निघतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तो वास घाणीचा नव्हे, हवेशिवाय जगणाऱ्या जिवाणूंच्या कामाचा आहे. अशा चिखलात मुळं जगवायची तर हवा वरून खाली न्यायला हवी. म्हणून तिवर आणि चिपी मुळांची टोकं वर काढतात, झुंबर गुडघा वाकवल्यासारखं मूळ वर काढून परत खाली नेतं, आणि कांदळ आपल्या कमानीवरच काम भागवतो. या मुळांवर बारीक भोकं असतात. सुकतीला त्यातून हवा आत शिरते आणि भरतीला झाड तेवढ्या शिदोरीवर राहतं.

म्हणूनच या झाडांना मारायला कुऱ्हाडीची गरज नसते. मुळांची टोकं मातीखाली किंवा डबराखाली गाडली, नाहीतर पाणी कोंडून दिवसेंदिवस बुडवून ठेवली, तर झाड उभ्या उभ्या गुदमरतं. काही महिन्यांनी माणूस येतो आणि म्हणतो, ‘झाडं आपोआप वाळली हो.’

खारं पाणी पिऊन ती जगतात कशी?

काजळ्याचं किंवा तिवराचं पान तोडू नका, फक्त जिभेचं टोक लावून बघा. खारट लागेल. उन्हाच्या दिवसांत पानावर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. ही झाडं खारं पाणी आत घेतात आणि मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतात. मारांडीही तेच करते. कांदळाची रीत निराळी. तो मुळाशीच पाणी गाळतो, बहुतेक सगळं मीठ दाराबाहेर. चिपी जाड पानांत पाणी साठवून मीठ पातळ करते.

एक गैरसमज मात्र खोडून काढायला हवा. यांना मीठ आवडतं असं नाही. यातली बरीच झाडं गोड्या पाण्यातही वाढतात. पण गोड्या पाण्याच्या काठावर इतर झाडांची गर्दी एवढी, की यांना जागा मिळत नाही. खारात स्पर्धा कमी, म्हणून ही इथे.

आणि कोकणातली खाडी बारा महिने सारखी खारट नसतेच. जुलै-ऑगस्टमध्ये सह्याद्रीवरून लोंढे उतरतात तेव्हा आमच्या खाडीच्या वरच्या अंगाचं पाणी जवळजवळ गोडं होतं. मे महिन्यात तेच पाणी डोळ्यात गेलं तर झोंबतं. एका वर्षात ही दोन टोकं सोसायची म्हणजे काही सोपं काम नाही.

झाडाला लोंबणाऱ्या त्या लांबलचक शेंगा खातात का?

खात नाहीत, आणि त्या शेंगाही नाहीत. आम्ही शेंग म्हणतो ते बोलण्यापुरतं. ते झाडाचं पोर आहे. कांदळाचं फळ आकाराने लहान असतं, तपकिरी. त्यातलं बी फांदीवर असतानाच रुजतं आणि फळ फोडून खाली कोंब वाढायला लागतो, हातभर होतो. आईने पोराला चालता येईपर्यंत कडेवर ठेवावं, तसं झाड त्याला धरून ठेवतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या धक्क्याजवळच्या कांदळाखाली होडी लावून बघा. शेंगेच्या वरच्या टोकाशी, फळाला लागून, एक फिकट पिवळसर पट्टी दिसायला लागते. ती दिसली की शेंग सुटायला आली. नुसता हात लावला तरी हातात येते. फळाच्या टोपीतून ती निसटते तेव्हा वरच्या टोकाला मिटलेल्या पानांची टोकदार हिरवी कळी दिसते, जणू घडी घातलेली छत्री. सुकतीला पडली तर कधी जागीच चिखलात उभी राहते. भरतीला पडली तर तरंगत निघते. आधी आडवी तरंगते, मग खालचं टोक जड होत जातं आणि ती उभी होऊन वाहते. कुठे टेकली की तिथे मुळं टाकायची. पावसाळ्यात पाण्याचा खारटपणा उतरलेला असताना मुळांना त्यातल्या त्यात कमी त्रास होतो. वेळ झाडांनी बरोबर साधली आहे.

तिवराचं पोरही झाडावरच रुजतं, पण फळाची साल फाडून बाहेर येत नाही. चिपीचं बी मात्र साधं, बारीक, फळात भरपूर.

चिपीचं एवढं कौतुक का?

कारण ऑगस्ट २०२० मध्ये महाराष्ट्राने तिला राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं. पांढरी चिपी, सोनेरेशिया आल्बा. दुसरं कारण माझं स्वतःचं आहे. चिपीचं फूल रात्री उमलतं. पाकळ्यांकडे बघण्यासारखं काही नसतं, पण शेकडो पांढरे पुंकेसर एकदम पसरतात, पावडरच्या फुलासारखे. मधाने काठोकाठ भरलेलं असतं. रात्री वटवाघळं आणि पतंग येतात आणि परागांचं काम उरकतात. सकाळी सातच्या होडीला पाहुणे येतात तेव्हा पाण्यावर नुसते पांढरे धागे तरंगत असतात आणि मला सांगावं लागतं की खेळ रात्रीच संपला.

पूर्वी चिपीच्या मुळांचे तुकडे बुचासारखे वापरत. हलकी असतात, तरंगतात. कांदळाच्या सालीच्या काढ्यात सुताची जाळी रंगवत, म्हणजे ती लवकर कुजत नसत. नायलॉन आलं आणि दोन्ही कामं गेली.

विषारी झाडही आहे म्हणे?

आहे, हुरा. कुठे गेवा म्हणतात. पान तोडलं की पांढरा चीक येतो. कातडीवर फोड उठतात आणि डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. मी लहान असताना आबा होडीतून ओरडायचे, ‘हात लावू नको गो, डोळे जातले!’ पाहुण्यांना मी तेच सांगते, जरा शहरी भाषेत. गंमत म्हणजे अख्ख्या कांदळवनात रंगाने उठून दिसतो तो हाच. गळायच्या आधी त्याची पानं लालभडक होतात आणि सगळे फोटोसाठी नेमका त्यालाच हात घालायला जातात.

मुंबई-रायगडची कांदळवनं आणि सिंधुदुर्गातली, यांत फरक काय?

बराच आहे, आणि तो आधी जमिनीचा आहे, मग झाडांचा.

पालघरपासून रायगडपर्यंत किनारा सपाट, खाड्या रुंद, चिखलाची मैदानं मोठी. तिथे भरती-ओहोटीत पाणी खूप चढतं-उतरतं. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्याही वर जाते. आमच्याकडे उधाणालाही दोन-अडीच मीटरच्या आसपासच. पाणी जितकं जास्त चढतं-उतरतं, तितका झाडांना पट्टा रुंद मिळतो. म्हणून धरमतरच्या खाडीकाठी तिवराचं रान मैलोन्‌मैल दिसतं आणि क्षेत्राच्या हिशेबात रायगड जिल्हा सगळ्यात पुढे असतो. २०२१ च्या भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर धरलं आहे. त्यातला मोठा वाटा उत्तर कोकणाचा.

दक्षिणेला, दाभोळपासून जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, आचरा, कर्ली, तेरेखोलपर्यंत, खाड्या जांभ्याच्या डोंगरांत रुतलेल्या. काठ उभे, चिखल कमी, पट्टा अरुंद. पण गोडं पाणी भरपूर मिळतं, सांडपाणी आणि कारखाने कमी. त्यामुळे थोड्या जागेत जास्त जाती नांदतात. ठाण्याच्या खाडीत तासभर फिरलात तर डोळ्यांसमोर मुख्यतः तिवरच राहील. आमच्याकडे तासाभरात आठ-नऊ प्रकारची झाडं दाखवते. उत्तरेचं रान मोठं आणि दक्षिणेचं विविध, असा हा हिशेब आहे. क्षेत्रफळाचा आकडा बघून सिंधुदुर्गाला कमी लेखू नये. अर्थात मी इथलीच, त्यामुळे थोडं तराजूत अंगठा ठेवून बोलते आहे असं समजा.

खाडीत आत जाऊ तशी झाडं बदलतात, ती का?

दोन गोष्टी एकाच वेळी बदलतात: खारटपणा आणि बुडण्याचा वेळ. मुखाशी, लाटेच्या तोंडावर, वाळूमिश्रित चिखलात पांढरी चिपी आणि तिवर पाय रोवतात. पाण्याच्या कडेला मऊ गाळात कांदळ. त्याच्या मागे, जरा उंचावर किरकिरी. अजून आत पाणी गोडसर व्हायला लागलं की काजळा आणि गोलसर पानांचं तिवर वाढतं, काठाला मारांडी, आणि त्याहून वर हुरा.

पुस्तकातल्या चित्रात हे पट्टे रांगोळीसारखे आखीव दाखवतात. खाडीत तसं नसतं. एक ओहोळ येऊन मिळाला, कोणी बांध घातला, पुराने गाळ आणून टाकला, की क्रम मोडतो. मोडलेला क्रम वाचता आला की मग तिथे काय घडून गेलं ते झाडंच सांगतात. आमच्याकडे एका वळणावर मध्येच मारांडीचं रान आहे. वर बघितलं तर डोंगरातून बारमाही झरा उतरतो.

मासे आणि कांदळवनाचा संबंध काय? झाडं तर पाला गाळतात.

संबंध त्या पाल्याचाच आहे. बारमाही गळणारी पानं चिखलात पडतात. खेकडे ती बिळात ओढून नेतात, काही खातात, काही तिथेच कुजतात. त्या कुजलेल्या पानावर बुरशी आणि जिवाणू वाढतात, ते कोळंबीची पिल्लं आणि बारीकसारीक जीव खातात, त्यांना मासे. कांदळाच्या मुळांच्या जाळीत मोठा मासा शिरू शकत नाही, म्हणून पिल्लांना तीच पाळणाघरासारखी जागा. तुमच्या ताटातला जिताडा, तांबोशी, बोय, काळुंदर, कोळंबी, यांचं बालपण बऱ्याच अंशी अशाच खाड्यांत जातं. जिताड्याची तर वेगळीच कथा. तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हे सांगितलं की होडीत एकदम हशा पिकतो.

सुकतीला थोडं गप्प बसा. आधी काहीच दिसत नाही. मग चिखल हलायला लागतो. लहान खेकडे बाहेर येतात, त्यांच्या नराचा एक आकडा, म्हणजे नांगी, अंगाएवढा मोठा, आणि तो सारखा वर-खाली करून मादीला बोलावत असतो. निवटी, म्हणजे चिखलावर उड्या मारणारा मासा, पंखांवर अंग रेटत पुढे सरकते आणि मुळावर चढून बसते. रायगडात निवटीचं कालवण चवीने खातात. मुळांवर आणि दगडांवर कालवं चिकटलेली असतात, बायका कोयतीने ती फोडतात. मोठी कुर्ली, जिला तिकडे चिंबोरी म्हणतात, ती याच मुळांखाली बीळ करते. तिच्या बिळांमुळे चिखलात हवा आणि पाणी खेळतं, म्हणजे झाडाचं काम ती फुकटात करते.

वर खंड्या बसलेला असतो. हिवाळ्यात काळ्या डोक्याचा खंड्याही दिसतो. पाणमांजरं आमच्याकडे आहेत, पण ती दिसण्याची हमी मी कधी देत नाही. पायाचे ठसे आणि माशांच्या काट्यांनी भरलेली विष्ठा दाखवू शकते.

मगरी आहेत का?

चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत. आमच्या होडीतून आजवर कोणाला दिसलेली नाही. पाण्यात हात घालून बसू नका, एवढंच. कारण मगरीपेक्षा कालवांच्या धारेने हात कापतो.

कांदळवनामुळे डास होतात म्हणून तोडायला हवं, असं आमच्या सोसायटीत म्हणतात.

दिवसातून दोनदा पाणी येतं-जातं आणि मासे आत फिरतात, तिथे डासांची अंडी टिकणं अवघड. भराव टाकून, मोरी बुजवून, पाणी कोंडून ठेवलं की त्याच जागी डासांचं राज्य. सोसायटीच्या मागे नीट बघा, पाणी कुठेतरी अडलेलं सापडेल.

पावसाळ्याच्या शेवटी तिवरं जळाल्यासारखी दिसतात. कोणी औषध मारतं का?

मुंबई-ठाण्याच्या बाजूला हे जास्त दिसतं. एका पतंगाची अळी, हिब्लिया प्युएरा, सागाची पानं खाणारी म्हणून प्रसिद्ध, ती तिवराचा पाला फस्त करते. कित्येक एकरांचं रान तपकिरी सांगाडा होऊन उभं राहतं. लोक घाबरून तक्रारी करतात. बहुतेक वेळा काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. मात्र हिरव्या रानात मधलाच एक चौकोन वाळलेला दिसला, तर अळीला दोष देऊ नका. अळ्यांना चौकोन आखता येत नाहीत.

आमच्या वडिलोपार्जित शेतात कांदळ उगवलंय. ते तोडता येतं का?

सरळ उत्तर: नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवन तोडायला आणि त्यावर भराव टाकायला मनाई केली, आणि सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती पक्की केली. जमीन सरकारी असो की खासगी, मनाई लागू आहे. मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायचा असतो. शिवाय किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत कांदळवन सगळ्यात कडक गटात येतं. सरकारी जमिनीवरचं बरंच कांदळवन आता वन म्हणून घोषित आहे आणि त्यासाठी वन खात्यात २०१२ पासून स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे.

वाकडं उत्तर जरा लांब आहे. खारेपाटात, म्हणजे अलिबाग-पेणच्या पट्ट्यात आणि आमच्याकडेही, जुन्या लोकांनी खाडीला बांध घालून भातशेती उठवली. त्या बांधाबाहेर ते कांदळ मुद्दाम राखायचे, लाटेचा मार झाडांवर जावा म्हणून. बांधाची डागडुजी गावकीने करायची. पुढे गावकी सैल झाली, बांध दुरुस्त करायचे ते झाले नाहीत, उधाणाला खांड पडली आणि शेतात खारं पाणी शिरलं. दोन-चार वर्षांत तिथे तिवर उभं राहिलं. आता शेतकऱ्याला सांगतात, हे वन आहे, हात लावू नका. त्याचा राग मला समजतो. त्याने जंगल तोडलेलं नाही, त्याचं शेत जंगल झालं आहे. कांदळवनाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनीही, ही गोष्ट गिळून टाकू नये. उपाय खांड पडली त्याच पावसाळ्यात बुजवण्यात आहे. झाडं डोक्याएवढी झाल्यावर भांडायला बसण्यात काही अर्थ नाही.

वादळात कांदळवन गाव वाचवतं का?

लाटेचा जोर मोडतं, काठ धरून ठेवतं, गाळ अडवतं. एवढं नक्की. पण त्याला रुंदी लागते. दोन ओळी झाडांच्या मागे घर बांधून निर्धास्त राहू नये. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या त्या वाऱ्याने. वाऱ्यापुढे कांदळाचं काही चालत नाही. त्याचं भांडण पाण्याशी आहे.

आम्हाला वाढदिवसाला शंभर रोपं लावायची आहेत. सोय कराल?

बहुधा नाही म्हणेन. राग मानू नका, आधी आमचीच फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेने आम्हाला कांदळाच्या शेंगा लावायला सांगितल्या. ठिकाण त्यांनीच ठरवलं: खाडीच्या मधोमध पसरलेला मोकळा चिखल, ‘रिकामी जागा’ म्हणून. ती रिकामी नव्हती. तिथे आमच्या बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, काढायच्या आणि हिवाळ्यात पाणपक्षी उतरायचे. पण फोटो काढायचे होते, जेवण होतं, आम्ही लावल्या. तीन महिन्यांत शेंगांवर खडपासारखे कवचाचे किडे चिकटले, इतके की त्यांच्या भाराने शेंगा वाकल्या. मग उधाणाने उपटल्या. वर्षाने मोजल्या तर दोन उभ्या होत्या, आणि त्या दोन्ही कडेला, जिथे आधीपासून कांदळ होता तिथे.

त्यातून जे कळलं ते असं. मधोमधच्या उघड्या चिखलात झाड नसेल, तर त्याला कारण असतं. ती जागा फार वेळ पाण्याखाली असते. याउलट जिथे झाडं पूर्वी होती आणि गेली, तिथे आधी पाणी बघावं. रस्त्याखालची मोरी बुजली आहे का, भराव आहे का, गुरं शिरतात का. मोरी मोकळी केली की पुढच्या पावसात पाणीच बिया आणून टाकतं, खड्डे खणायला लागत नाहीत. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला अशीच एक मोरी आम्ही घमेल्यांनी उपसली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर आत काजळा आणि तिवर कंबरेएवढं झालं होतं. एकही रोप आम्ही लावलं नव्हतं. त्याचा फोटो मात्र कोणी मागत नाही.

वाढदिवसाला यायचंच असेल तर फावडं घेऊन या.

यातून गावाला काही मिळतं का?

मिळतं, पण थोडं आणि हंगामी. खेकडापालन, कालवंपालन, पिंजऱ्यातला जिताडा यांसाठी सरकारी योजना आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतली महिलांची कांदळवन सफर तर आता सगळीकडे माहीत झाली आहे. खेकडापालनात पिल्लं मिळणं ही मुख्य अडचण, आणि खेकडे एकमेकांना खातात ही दुसरी. होडीचा धंदा बरा, त्याला खायला घालावं लागत नाही.

यायची चांगली वेळ कोणती?

महिना म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. शेंगा आणि चिपीची फळं बघायची तर एप्रिल-मे.

दिवसातली वेळ तिथीवर. जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. मुंबईला हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो. आमच्याकडे भरती त्याच्या थोडी आधी लागते, आणि खाडीत आत जावं तशी पुन्हा मागे पडते. होडीसाठी भरतीच्या आधीचा तास-दीड तास उत्तम, फांद्यांखालून जाता येतं. मुळं, निवटी आणि खेकडे बघायचे तर सुकती लागल्यावर. अमावास्या-पौर्णिमेच्या सकाळी सहाच्या सुमारास पाणी पार खाली गेलेलं असतं. तेव्हा चपला धक्क्यावर काढून ठेवा, चिखल त्या परत देत नाही. आणि पाण्याची बाटली आणलीत तर रिकामी माझ्याकडे द्या.